कमर आरांच्या पेटीतला गंधार

मी, मानसिंगराव महिपतराव इंगळे, वय सत्त्याहत्तर पूर्ण, धंदा पेट्या दुरुस्त करणे व त्यांचे सूर लावणे, राहणार नया बाजार, लश्कर, ग्वाल्हेर, कोणाच्या धाकाने किंवा आग्रहाने नव्हे तर आपल्या मनाने, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, आजचा वार विचारला. मन स्वस्थ आहे का, हे मात्र विचारलं नाही. विचारलं असतं तर दाखला मिळाला नसता.

पेटी म्हणजे हार्मोनियम. हे वकिलांसाठी लिहितो, कारण गेल्या मसुद्यात त्यांनी माझ्या सगळ्या पेट्या कपड्यांच्या ट्रंका म्हणून धरल्या होत्या.

याआधी मी तीन मृत्युपत्रं लिहिली. ती तिन्ही या लेखाने रद्द समजावी. पहिलं मीच फाडलं. दुसऱ्यात एक कलम लिहायचं धैर्य झालं नाही. तिसऱ्यात ते लिहिलं, पण खोटं लिहिलं. हे चौथं. याही वेळी दोन ओळी झाल्या की मी उठतो, गॅलरीत जाऊन येतो, चहा टाकतो आणि तो उतू जाईपर्यंत विसरतो. अक्षर कुठे वाकडं दिसलं तर हात थरथरतो असं समजू नये, मी उभ्याने लिहितो आहे.

कलम १. घर. खाली दुकान, वर दोन खोल्या आणि गच्ची, अशी ही मिळकत माझ्या कमाईची आहे, वडिलोपार्जित नाही. आमच्या आजोबांनी दरबारच्या फौजेत घोडा सांभाळला आणि वडिलांनी दरबारच्या बँडात क्लॅरिनेट वाजवलं. दोघांनीही मान पुष्कळ मिळवला, पण घर काही बांधलं नाही. ही मिळकत माझा मुलगा अंबरीश व मुलगी श्रुती यांना निम्मी निम्मी. अंबरीश इंदूरला असतो आणि दुकान भाड्याने द्यावं असं त्याचं मत आहे. द्यावं. मी असताना त्याने ते ऐकवलं नाही तर आणखी बरं. श्रुती इथेच हजीऱ्याला राहते, दर रविवारी येते आणि माझ्या औषधांच्या डब्या लावून जाते. वरची गच्चीकडची खोली तिच्या वाट्याला जावी, तिथे तिच्या आईचं ऊन आहे.

कलम २. बँकेत जे असेल ते श्रुतीला. अंबरीशने हरकत-उजर करू नये. त्याला शिकवलं तेव्हा त्याचा वाटा पोचला. हे त्याला मान्य आहे, पण सूनबाईंना मान्य नाही, म्हणून लेखी देतो.

कलम ३. माझे धाकटे बंधू कृष्णराव यांस वडिलांच्या क्लॅरिनेटची रिकामी पेटी, आतल्या निळ्या मखमलीसह. क्लॅरिनेट त्यांनी १९८१ साली मला न विचारता विकलं. विकून स्कूटर घेतली, आणि त्या स्कूटरवर मला आजतागायत बसवलं नाही. स्कूटर आता नसावी. राग आहे. कृष्णा, तुला वाचून वाईट वाटेल हे ठाऊक आहे, म्हणूनच लिहिलं.

कलम ४. हत्यारं. बारीक कानशी सात, खरवडायच्या सुऱ्या चार, भात्याच्या चामड्याचे तुकडे, सरसाचं भांडं, आणि एकेक सूर बसवून वाजवून पाहायचा लाकडी खोका. ही सर्व माझी नात अवंतिका, म्हणजे श्रुतीची मुलगी, हिला द्यावी. ती धंदा करणार नाही हे मला ठाऊक आहे, ती कॉम्प्युटरचं शिकते. पण या घरात माझ्यानंतर कान फक्त तिला आहेत, आणि कान असलेल्या माणसाच्या हाती कानस जावी की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला. जावी. मात्र हा धंद्याचा नियम तिने पाठ करावा: पेटीचा सूर म्हणजे पितळेची एक पातळ पत्ती. सूर चढवायचा तर पत्तीचं टोक घासायचं, उतरवायचा तर मुळाशी घासायचं. दोन्ही बाजूंनी पितळ जातंच, गेलेलं परत येत नाही. म्हणून गिऱ्हाइकाने सांगितल्याशिवाय सुराला हात लावायचा नाही. हा नियम मला माझ्या उस्तादाने पहिल्या दिवशी शिकवला होता. मी तो एकदा मोडला. त्याचं कलम पुढे आहे, तिकडे जायला मी टाळाटाळ करतो आहे हे माझंच मला दिसतं.

कलम ५. कमर आरांच्या रेकॉर्डी अकरा, कॅसेटी चौतीस, व मंदाने घरी जुळवलेला रेकॉर्ड-प्लेअर. हे सर्व श्रुतीला. मंदा म्हणजे माझी पत्नी सौ. मंदाकिनी, जी २०१६ साली वारली. सौ. लिहिलं ते खोडणार नाही.

या कलमात थोडं जास्त लिहितो, कारण रेकॉर्डी देताना त्यांत काय आहे हे सांगितलं पाहिजे.

कमर आरा या भोपाळच्या गज़ल गायिका. पूर्वी रेडिओवर फार ऐकू यायच्या. आता तरुणांना नाव सांगितलं तर ते फोनमध्ये शोधतात आणि फोनला चार गाणी सापडतात. मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं १९६९ साली, इथल्या स्टेशनजवळच्या पडाव भागात. गुजरातेतल्या पालिताण्याहून पेटीच्या सुरांचं, म्हणजे पत्त्यांचं, पार्सल यायचं होतं, ते सोडवायला स्टेशनवर गेलो होतो. समोरच्या हॉटेलात रेडिओ लागला होता. एक बाई गात होती, आणि गाताना घाई म्हणून कसली ती नव्हती. शब्द उचलायची, हातात धरून जरा पाहायची, आणि जिथून घेतला तिथेच हलक्या हाताने ठेवून द्यायची. आमच्या ग्वाल्हेरात गाणं म्हणजे कुस्ती. तान घेतली की समोरच्याची पाठ जमिनीला टेकलीच पाहिजे. इथे कोणी कोणाला पाडतच नव्हतं. मी उभाच राहिलो. पार्सल दुसऱ्या दिवशी सोडवलं आणि उस्तादाच्या शिव्या खाल्ल्या.

आमच्या घरात गज़ल चालत नसे. वडील म्हणायचे, "ती शेवयांची खीर आहे रे. खा, पण जेवलो म्हणून सांगू नकोस." रविवारी रेडिओवर त्या लागल्या की ते येऊन बटण फिरवायचे. मग १९७३ साली मंदा लग्न होऊन देवासहून आली, आणि तिच्या सामानात साड्यांच्या खाली दोन रेकॉर्डी निघाल्या, दोन्ही कमर आरांच्या. माझा विश्वास बसेना. घरात रेकॉर्ड वाजवायला काही नव्हतं. मोटर मी भंगारातून आणली, बाकीचं सगळं तिने जुळवलं, कारण मला विजेचे झटके बसत होते. वडील काही बोलले नाहीत. सुनेच्या हातचं बटण त्यांना फिरवता येईना.

मंदाला उर्दू येत नव्हती. मलाही बेताची. तिने शब्दांचे आपले अर्थ लावून घेतले होते आणि ते मला खऱ्यापेक्षा बरे वाटत. एक गज़ल होती, जिचा प्रत्येक शेर 'अभी रहने दो' यावर येऊन टेकतो. दिवा विझवू नका, राहू दे अजून. दार लावू नका, राहू दे अजून. त्यातल्या 'रहने'वर कमर आरा कोमल गंधार लावत, आणि तो गंधार नेहमीच्या जागेपेक्षा केसभर खाली असे. तिथे मंदा हातातली मेथीची जुडी खाली ठेवायची. निवडणं थांबायचं. "इथे ना," ती म्हणायची, "कोणीतरी जिन्यात थांबलंय असं वाटतं." पुढचा शेर सुरू झाला की पुन्हा मेथी. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात आमचं पटलं ते बहुतेक त्या एका जागेवर. मला तिची फार आठवण येते. एवढंच इथे लिहायचं होतं आणि त्यासाठी रेकॉर्डींचं निमित्त केलं.

श्रुतीने रेकॉर्डी उन्हात ठेवू नयेत.

कलम ६. माझ्या अंत्यविधीला कोणीही गाऊ नये. गल्लीतल्या भजनी मंडळाने तर मुळीच नाही. त्यांची पेटी मी तीन वेळा लावून दिली आणि तिन्ही वेळा त्यांनी ती पावसात ठेवली.

कलम ७. आता हे.

१९८८ सालच्या जानेवारीत, मेळ्याच्या दिवसांत, कमर आरा ग्वाल्हेरला आल्या. मंदाने तिकिटं महिनाभर आधी आणून देवापुढे ठेवली होती. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास माझ्या दुकानात एक उंच, सडपातळ गृहस्थ आले. रिक्षातून एक पेटी उतरवली. म्हणाले, "मैं दौलतसिंह। बाई के साथ तबला बजाता हूँ। सफ़र में भाता फट गया है, शाम तक टाँक दीजिए।" पेटी कोणाची हे मी ओळखलं आणि हात पुसून ती उचलली. निघताना ते उंबऱ्यावरून वळले आणि म्हणाले, "बस भाता। सुर को हाथ मत लगाइएगा।"

हे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत. यांत एक अक्षर कमी-जास्त नाही.

भाता तासाभरात झाला. मग मी पेटी वाजवून पाहिली, तेवढा तर हक्क असतो. कोमल गंधार उतरलेला निघाला. बाकी सूर नीट, हा एकटाच खाली. आता माझी अडचण समजून घ्या, किंवा नका घेऊ. मी ग्वाल्हेरचा. आमच्याकडे भाजीवाल्याचा 'आलू ले लो' सुद्धा बेसूर झाला तर लोक गॅलरीतून दुरुस्त करतात. सगळ्या हिंदुस्थानाला सुराची अक्कल आपण दिली, हे आम्ही आईच्या दुधातून घेतो. त्यात पेटी कमर आरांची, आणि संध्याकाळी अख्खं शहर ऐकणार. मला वाटलं, प्रवासात उतरला असेल, तबलजीला काय कळतंय, बाईंना आज सूर स्वच्छ मिळेल आणि त्या विचारतील, कोणी लावला? खरं सांगतो, मला ते विचारणं ऐकायचं होतं. मी पत्ती काढली, टोकाला कानस लावली आणि पाच-सहा वेळा ओढली. गंधार जागेवर आला. पत्तीच्या मुळाशी जुन्या घासल्याच्या खुणा होत्या, कोणीतरी फार हलक्या हाताने केलेल्या. त्या मी पाहिल्या होत्या. पाहूनही ओढली.

संध्याकाळी मंदा आणि मी सातव्या रांगेत बसलो होतो. मध्यंतरानंतर मंदाने चिठ्ठी पाठवली, त्याच गज़लेची. कमर आरांनी चिठ्ठी वाचली, हसल्या, आणि सुरू केली. 'रहने'वर आल्या. गळा आपल्या जुन्या जागी गेला आणि पेटी माझ्या जागी गेली. दोन सूर एकमेकांवर घासले. सभागृहात किती जणांना कळलं मला ठाऊक नाही, ग्वाल्हेर आहे, बऱ्याच जणांना कळलं असावं. त्यांनी पुन्हा ती पट्टी दाबली. एकदा, दोनदा. मग त्यांनी तबल्याकडे पाहिलं. दौलतसिंहांनी मान हलवून नाही म्हटलं. कमर आरांनी भाता मिटला, पेटी बाजूला सरकवली, म्हणाल्या, "यह आज नहीं होगी," आणि पुढचा कार्यक्रम नुसत्या सारंगीवर केला.

ती गज़ल त्यांनी नंतर कधी गायली नाही. दोन वर्षांनी रेडिओवर त्यांची मुलाखत ऐकली. निवेदकाने कारण विचारलं. त्या म्हणाल्या, मी सोळा वर्षांची असताना माझ्या उस्तादांनी माझ्या गळ्यावरून तो एक सूर स्वतःच्या हाताने लावला होता, माझा गंधार तेवढाच खाली लागायचा म्हणून. पुढच्या महिन्यात ते गेले. त्यांचं माझ्याकडे तेवढंच होतं, तेही कोणीतरी घासून टाकलं. निवेदकाने उसासा टाकला आणि जाहिरात लागली. मंदा म्हणाली, "कोण मेल्याने केलं असेल हो?" मी कढईखालचा गॅस बारीक केला.

पुढे तिने किती वेळा विचारलं, कोणी केलं असेल. सव्वीस वर्षं विचारलं. शेवटच्या आजारपणातही एकदा सहज विचारलं, आणि मी म्हटलं, असेल कोणीतरी. ती तशीच गेली.

त्या मुलाखतीपासून मी तो गंधार परत करायचा प्रयत्न करीत होतो. नवी पत्ती घ्यायची, मुळाशी घासायचं, त्यांच्या जुन्या कॅसेटशी ताडून पाहायचं. पण कॅसेट दर मशीनवर वेगळी पळते. एकीवर सूर खाली, दुसरीवर वर. मी मशीनं बदलत राहिलो आणि पत्त्या फुकट घालवत राहिलो, तेहेतीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी अवंतिका बाजूला बसून फोन पाहत होती. म्हणाली, "आजोबा, तुम्ही काय करून राहिलात? स्पीड बदलली तर सगळेच सुर सोबत बदलणार ना। मतलब सा पासून ग पर्यंतचं अंतर तर तेच राहणार। वही नापो, बस।" मी तिच्याकडे पाहत राहिलो. एवढी साधी गोष्ट मला, ग्वाल्हेरच्या माणसाला, सुचली नव्हती, कारण मी गंधारातच अडकून पडलो होतो, षड्जाकडे पाहिलंच नव्हतं. त्या उन्हाळ्यात पत्ती जमली. मी ती 'रहने'शी शंभर वेळा ताडली. तोच आहे.

ती पत्ती मंदाच्या चांदीच्या करंड्यात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. माझ्या पश्चात श्रुतीने ती भोपाळला कमर आरा यांना, त्या नसल्यास त्यांच्या वारसांना, सोबतच्या पत्रासह पोचवावी. पत्रात मी सगळं कबूल केलं आहे. माझ्या आत्म्याला त्याशिवाय शांती नाही.

येथवर लिहून मी शनिवारी साक्षीदारांना बोलावलं. सह्या तेव्हाच व्हायच्या होत्या. त्या का झाल्या नाहीत, ते पुढच्या कलमात आहे.

कलम ८. साक्षीदार दोन. एक श्री. दिग्विजयसिंह, माझ्या शेजारच्या कापडाच्या दुकानाचे मालक, वय एकसष्ट. दुसऱ्या श्रीमती इंदुताई राजोपाध्ये, निवृत्त मुख्याध्यापिका, वय ब्याऐंशी, मागच्या गल्लीत राहतात. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, फक्त माझी सही पाहायची असते. हे मी इंदुताईंना सांगितलं.

"न वाचता मी हजेरीपटावर सुद्धा सही केलेली नाही, मानसिंगराव," त्या म्हणाल्या, आणि चष्मा पुसून वाचायला बसल्या. दिग्विजयसिंहांना मराठी समजते पण वाचायचा कंटाळा, म्हणून त्या मोठ्याने वाचत होत्या. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आतून 'कढईखालचा गॅस' ऐकू आलं तेव्हा मी खालच्या रिक्षा मोजायला लागलो.

आत आलो तेव्हा त्यांनी कागद मांडीवर पालथे घातले होते.

"कमर आरा किती वर्षांच्या आहेत?" त्यांनी विचारलं.

"शहाऐंशी."

"आणि तुम्ही सत्त्याहत्तर. तब्येत ठणठणीत. म्हणजे तुम्ही मरायची वाट त्यांनी बघायची?"

दिग्विजयसिंह हसले. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, पत्रात सगळं आहे, वारसांना मिळेल.

"बरं. आणि त्या तबलजींचं कलम कुठे आहे?"

"कोणत्या?"

"दौलतसिंह. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, असं लिहिलंय तुम्ही. नंतर काय झालं त्यांचं?"

मी चिडलो. म्हणालो, इंदुताई, हे मृत्युपत्र आहे, तुमची तोंडी परीक्षा नाही. त्या उठल्या नाहीत. मुलांना खोटं बोलताना पकडलं की त्या जशा पाहत असतील तशा पाहत राहिल्या. मग मी सांगितलं, जे वर लिहिलेलं नाही ते. त्यानंतरच्या कार्यक्रमांत, फोटोंत, रेकॉर्डींवर दौलतसिंह हे नाव मला कुठे दिसलं नाही. दुसरा तबलजी आला. वीस वर्षांची साथ होती ती. मला हे १९८९ पासून ठाऊक आहे. गंधारासाठी मी तेहेतीस वर्षं पितळ घासलं, आणि या माणसासाठी एक पोस्टकार्ड घातलं नाही. पितळ घासत होतो म्हणून त्याच्याकडे पाहावं लागलं नाही, असंही असेल.

"कमर आरा जी का नंबर है?" दिग्विजयसिंहांनी विचारलं. होता. रेडिओतल्या एका ओळखीच्याने अकरा वर्षांपूर्वी दिला होता. मी तो कितीदा फिरवून कापला होता. त्यांनी माझ्या डायरीतून पाहून आपल्या फोनवर लावला, आवाज मोठा केला आणि फोन टेबलावर ठेवून दिला. मी म्हटलं, नको. ते म्हणाले, "अब तो लग गया, भाईसाहब।"

कोणा मुलीने उचलला. मग वेळ गेला, काठीचा आवाज आला, आणि मग तो आवाज. जाडा झालाय, तुटतो, पण शब्द ठेवायची पद्धत तीच. नाव सांगितलं, दुकान सांगितलं, साल सांगितलं. म्हटलं, तुमच्या पेटीचा गंधार मी चढवला होता. कोणी सांगितलं नव्हतं. मीच.

मला वाटलं फोन कापला गेला.

मग म्हणाल्या, "दौलत ने आपको मना किया था?"

मी म्हटलं, "जी। दरवाज़े से मुड़कर मना किया था।"

"वो यही कहते रहे," त्या म्हणाल्या. "कि मैंने मना किया था, बाई। मैंने कहा, झूठ बोलते हो, पैसे बचाने को किसी अनाड़ी के पास छोड़ आए। चार लोगों के सामने कहा। फिर वो नहीं आए। छह बरस हुए, गुज़र गए।"

मी म्हटलं, मी तो सूर पुन्हा तयार केला आहे. अगदी तोच. घेऊन येतो.

"सुर का अब क्या करूँगी, गला कहाँ है," त्या म्हणाल्या. "वो बाद में देख लेंगे। आप पहले दौलत के घर जाइए। उनकी घरवाली हैं, बेटा है। बेटे ने तबला छुआ तक नहीं कभी। वहाँ जाकर कहिए। फिर मेरे यहाँ आइए, मुझे भी वहीं जाना है, अकेले हिम्मत नहीं होती।"

त्यांनी दौलतसिंहांच्या भोपाळच्या घराचा पत्ता सांगितला. इंदुताईंनी तो लिहून घेतला.

सबब, कलम ७ मधील माझ्या पश्चात पोचवण्याविषयीचा मजकूर या कलमाने रद्द करीत आहे. पत्ती मी स्वतः नेणार आहे. सोबतचं पत्र फाडलं आहे, त्यात दौलतसिंहांचं नाव नव्हतं. अंबरीशने मला या वयात एकट्याने प्रवास करू नये म्हणून फोन करू नये. श्रुतीने डबा देऊ नये, मला काही जाणार नाही. बाकी कलमं कायम, कृष्णरावांचं सुद्धा.

दौलतसिंहांच्या घरी न्यायला माझ्याकडे काहीच नाही. या मृत्युपत्रात मी घर वाटलं, हत्यारं वाटली, राग वाटला, आणि त्या घराला द्यावं असं यातलं काहीही नाही. त्यांना द्यायचं ते एक वाक्य आहे, आणि ते माझ्या मरणानंतर कोणी वाचून दाखवून चालणार नाही. मी सदतीस वर्षं ते कोणापुढे बोललो नाही, म्हणून दार उघडल्यावर बोलता येईल की नाही याची मला धास्ती वाटते. लिहून देणार याने हे समजून उमजून, पूर्ण शुद्धीत लिहिलं आहे.

ठिकाण: ग्वाल्हेर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार, सकाळ

(सही) मानसिंगराव महिपतराव इंगळे

साक्षीदारांचे निवेदन: मानसिंगराव इंगळे यांनी वरील लेखावर आम्हां दोघांसमोर सही केली व आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर सह्या केल्या. सही करताना ते शुद्धीवर होते, बसायला तयार नव्हते. सहीनंतर त्यांनी उंबऱ्याबाहेर जाऊन दार वाजवले, आम्ही ते उघडले, आणि भोपाळला बोलायचे वाक्य त्यांनी आम्हांस म्हणून दाखवले. पहिल्या दोन वेळा त्यांचा आवाज फुटला नाही. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "दौलतसिंहजी ने सच कहा था।" ते आम्ही दोघांनी स्पष्ट ऐकले.

(सही) इंदु राजोपाध्ये
(सही) दिग्विजयसिंह